लपवलेली सायकल

मार्त्सेलेला सायकलवर बघावं. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, चालते तर बदकासारखी डुलत. पण एकदा का सीटवर बसली, की बाई वाऱ्याला ऐकत नाही. आमच्या राखीव जंगलात तळ्याला वळसा घालून जाणारी सायकलवाट म्हणे शहरातल्या पाहुण्यांसाठी केलीय. म्हणोत बापडे! पाइनच्या मुळांवरून उड्या मारत, लाकडी पुलावर धडधड करत, तोंडानं गाणं म्हणत त्या वाटेनं रोज जाते ती मार्त्सेलेच. दुकान, चर्च, बहिणीचं घर, सगळं त्या सायकलीच्या जिवावर.

तिचा मुलगा रिमास राजधानीत, विल्नियसला असतो. त्याला आईची काळजी, आणि त्याची काळजी म्हणजे नुसती कटकट. शेवटी मायलेकांत ठरलं, सायकल चालतेय तोवर गावात राहायचं, सुटली की मुकाट्यानं त्याच्याकडे पाचव्या मजल्यावर जायचं. पाचव्या मजल्याच्या नावानंच मार्त्सेलेच्या अंगावर काटा येतो.

आता, शरद ऋतूत आमच्याकडची माणसं जरा बिघडतात. अळंब्या उगवल्या की सख्खा भाऊ पक्का वैरी. आपली अळंब्यांची जागा कुणी कुणाला दाखवत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आई मुलीला सांगते तीही अखेरच्या घटकेला, अन् तेव्हाही थोडं हातचं राखून. वाटेकडेला उभी सायकल म्हणजे तर दवंडीच. म्हणून सायकल जागेच्या पार पलीकडे न्यायची, झुडपात आडवी करायची आणि वर फांद्या पसरायच्या. यात मार्त्सेले वस्ताद. त्या शुक्रवारी तिनं सायकल इतकी बेमालूम लपवली, की टोपली भरून परतली तर तिची तिलाच सापडेना.

रडकुंडीला येईतो शोधलं आणि पाय ओढत घरी आली. गावाला मदत मागायची सोय नव्हती, कारण पहिला प्रश्न येणार, कुठे ठेवली होतीस? आणि रविवारी रिमास यायचा होता.

शनिवारी सकाळी ती शेजारच्या युर्गिसच्या फाटकाशी उभी राहिली. युर्गिस शाळेपासूनचा ओळखीचा, आता विधुर. दरवर्षी तो हिला विचारायचा, यंदा कुठल्या बाजूला गं? आणि ही नेमकी उलटी बाजू दाखवायची.

"सायकल हरवलीय," ती म्हणाली. "शोधायला चल. पण बघायचं नाही."

"मग डोळे घरी ठेवून येऊ का?"

शेवटी ठरलं, त्यानं तिला आपल्या सायकलवर मागे बसवून तळ्यापर्यंत न्यायचं आणि पाण्याकडे तोंड करून थांबायचं. वाटभर ती मागून त्याला सायकल शिकवत होती, ब्रेक दाब, खड्डा चुकव. युर्गिसनं शब्द पाळला. ओंडक्यावर बसून पाण्याकडे बघत त्यानं काळ्या पावाची न्याहारी केली, मान म्हणून वळवली नाही.

इकडे मार्त्सेले झुडपं चाचपत होती. खरं सांगायचं तर चार हातांपलीकडे तिला सगळं हिरवं धुकं दिसायचं. मोतीबिंदू आहे हे डॉक्टरनं सांगितलं होतं, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सायकलवाट खड्ड्यांसकट पाठ होती, म्हणून आजवर निभावलं. ऊन उतरायला लागलं. जागा सांभाळायची की सायकल? सायकल गेली तर घर गेलं, तळं गेलं. तिनं मन घट्ट केलं.

"युर्गिस, ये इकडे."

तो आला, पण घोड्याच्या झापडांसारखे दोन्ही हात डोळ्यांशी धरून.

"हात काढ मेल्या," ती म्हणाली. "मला दिसत नाही रे नीट."

त्यानं हात खाली घेतले. मग कामाला लागला आणि थोड्याच वेळात एका फांदीखाली त्याला हँडलचं चमकतं टोक दिसलं. फांद्या दूर झाल्या तशी मार्त्सेले रडत रडतच हसली, सीटवरून हात फिरवत राहिली. आनंद तिच्या पोटात मावेना.

परतायची वाट तिच्या जागेवरूनच होती. शेवाळात जिकडे तिकडे जाड देठाच्या, तपकिरी टोपीच्या अळंब्या. युर्गिस सज्जन माणूस. तो लगेच आभाळाकडे बघायला लागला आणि म्हणाला, आपण काही पाहिलेलं नाही.

मार्त्सेलेनं खिशातली सुरी काढून त्याच्या हातात दिली.

"पाहा नीट," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मला दाखवायला कुणीतरी हवं."

 तो गुडघ्यावर बसला, आणि पहिली अळंबी कापून त्यानं तिच्या ओंजळीत ठेवली.