रकाना : सांभाळ करणारे

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या वावरात जिने उभा जन्म निंदण-खुरपण केले, त्या मावशीचा निराधार योजनेचा अर्ज मीच भरला होता. तलाठी चौकशीला येणार, म्हणून मी अमरावतीहून निघाले. अकोल्यात माझ्या बहिणीकडे भाड्याने राहणारी, कृषी विद्यापीठात शिकणारी झांबियाची मुलगी गाव पाहायला सोबत आली.

मावशीचा मुलगा सुरतेला गेला, त्याला सहा वर्षे झाली. ना पैसा, ना फोन. गावाला हे ठाऊक होते. तिने फक्त तोंडाने सांगायचे होते. मी तिच्याकडून घोकवून घेतले, "मले कोनी पायत नाई." ती ते चुलीकडे पाहत म्हणाली.

चौकशी मारुतीच्या पारावर, चारचौघांत झाली. शिक्क्याच्या शाईचा तेलकट वास, त्यात कपाशीच्या जळत्या पऱ्हाट्यांचा कडवट धूर.

"आजी, सांभाळणारं कोणी आहे का?" तलाठ्याने विचारले.

"हाये ना!" शेजारीण खिदळली. "सुरतचा सेठ! दर दिवायीले लुगडं धाडते बुढीले. कोनाले दिसत नाई, एवढंच."

हशा पिकला. मावशीची मान ताठ झाली. "हाव, सांभायते माया पोरगा. तुया पोट्ट्यावानी दारू पिऊन नालीत पडत नाई."

"असं काहून बोलून राहिली, मावशी?" रागाने माझ्याही तोंडी वऱ्हाडी आली.

"पोराची अब्रू इकून मले निराधारचा पगार नाई पायजे, बाई."

तलाठी म्हणाला, त्या सांगतील तेच मला लिहावे लागते.

झांबियाच्या मुलीला मी सारे हिंदीतून सांगितले. तिला नवल वाटले नाही. तिच्या आजीने गोऱ्यांच्या मक्याच्या मळ्यात जन्म काढला. निवृत्तिवेतन साहेबांना, मजुराचे म्हातारपण त्याचे गाव बघेल, असे तिथल्या इंग्रजी राज्याने परस्पर ठरवून टाकले. साहेब गेले, पेन्शन पगारदारांपुरतीच राहिली. आजी अजून कणसे सोलते.

"हमारे रिश्तों पर उनको बड़ा भरोसा था," ती म्हणाली. "भरोसे में खर्चा नहीं लगता ना."

मी तलाठ्याच्या कागदाकडे पाहिले. रकाने, पंच, अंगठा, सारे साहेबाच्या अमदानीतले. मदत हवी तर आधी गावासमोर उघडे व्हा. लाज राखलीत तर तुमचे बरे चालले आहे. स्वातंत्र्याच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आम्हाला एक प्रश्न बंद दाराआड विचारता येऊ नये! मी तावातावाने हे बोलले. पारावरची माणसे माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिली. कागदावर एक मात्राही बदलली नाही.

मावशीने अंगठा उठवला. मग वाकून, वाचता न येणाऱ्या डोळ्यांनी तो रकाना निरखला.

"माया पोराचं नाव चांगल्या अक्षरात लिवा, बाप्पा."

त्याने लिहिले. अक्षर खरोखरच सुरेख होते.