स्वयंपाकघरात सोडलेली धग

आमचे मालक बारामती एमआयडीसीत रात्रपाळीला. दिवसा झोप हवी म्हणून त्यांनी चाकांवरचा एसी आणला. भिंतीत बसवायची कटकट नाही, म्हणाले. पण त्याला मागून हत्तीच्या सोंडेएवढा पाईप असतो, आणि खोलीतली सगळी धग त्यातून कुठंतरी बाहेर सोडावी लागते.

खोलीला खिडकी एकच, ती चुलत दिरांच्या अंगणात उघडते. वाटणी झाल्यापासून सणसरच्या आमच्या घरात ठरूनच गेलंय, त्यांच्या बाजूला आपलं काही जायचं नाही. पत्र्यावरचं पाणीसुद्धा पन्हळ लावून वळवलेलं. मग पाईपानं जावं कुठं? मालकांनी मधल्या भिंतीला भोक पाडलं आणि तो माझ्या स्वयंपाकघरात सोडला.

"हितं खिडकी हाय की. जाईल वारं भाईर."

वारं काही गेलं नाही. एका अंगाला गॅस, दुसऱ्या अंगाला त्या पाईपाचं तोंड. भाकरी थापताना पाठ भाजायची, पीठ हातावरच सुकायचं. त्यात भांडं वाजवायचं नाही, झोपमोड होते. स्वतःच्या घरात मी चोरासारखी वावरत होते. राग इतका यायचा की परात आपटावीशी वाटे, पण तीही हळूच ठेवावी लागे.

शेवटी चुलत दिरांच्या बायकोला, माझ्या थोरल्या जावेला, मीच जाऊन विचारलं. ती हसली.

"सोड की आमच्या अंगणात. अंगणाला काय ताप यायचाय व्हय?"

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "आज आपला पाईप, उद्या त्यांच्या मोरीचं पाणी. न्हाय जमायचं."

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत.

परवा दुपारी ते उठून जेवायला आले. दोन घास खाल्ले, कपाळ पुसलं. "किती उकडतंय गं हितं," म्हणाले, आणि ताट उचलून खोलीत गेले. गारवा जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं.

मी गॅस बंद केला. माझं ताट वाढून घेतलं आणि जावेच्या अंगणात, लिंबाखाली जाऊन बसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. थोड्या वेळानं बंद खिडकीआडून भाकरीसाठी हाक आली. मग आणखी एक.

"बोलवत्यात की," जाऊ म्हणाली.

"ऐकलं," मी म्हणाले, आणि आमटीत भाकरी कुस्करली.