तिसऱ्या चालीचा उंट

वडपे गावच्या गोदामात भूपेश माल मोजणारा चेकर. जेवणाची सुट्टी झाली की उलट्या खोक्यावर बुद्धिबळाचा पट मांडायचा आणि पांढऱ्या सोंगट्या आपल्याकडं ओढायचा. विचारणं न्हाय, रंग ठरवायला मुठी धरणं न्हाय. पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं. दुसरीला त्याच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादं, सरळ दुश्मनाच्या तोंडात. घे, खा. समोरच्यानं खाल्लं की तिसऱ्या चालीला उंट बाहेर. पंधरा-वीस चालींत समोरचा आडवा.

"पांढरी म्हंजे पयला घाव आपला," तो म्हणायचा. "तो घालाचा नसंल तं ढोरा राखाला जावा."

"भूपेशभाय तो कसाई है," हमाल रामू हसत डबा बंद करायचा. रोज हरायचा, रोज बसायचा.

भूपेश हा खेळ आपल्या पूर्णा गावात, देवळाच्या ओट्यावर शिकला. त्या ओट्याची रीत वेगळी. राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. शह बसला तरी टुणकन निसटायचा. मग पुढचं दार सताड उघडं टाकून हल्ल्याला जायला कोणाच्या बापाचं भ्या? रामूच्या मुलखातही अशीच उडी होती, म्हणून गोदामात तीच चालायची.

त्याची लेक मेघाली त्याच्याकडनंच शिकली. आठवीत तिला शाळेच्या माधवी मॅडमनी हाताखाली घेतलं आणि स्पर्धेची रीत शिकवली. तिथं उडी-बिडी न्हाय. तिथं कॅसलिंग, म्हंजे राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलतात नि राजा कोपऱ्यात आडोशाला जातो. पण त्याआधी राजा एकदा जरी हलला, तर तो आडोसा कायमचा गेला. मॅडमचं सांगणं साधं: आधी घोडा काढ, राजा आडोशाला घाल, मग भांड. पोर तशीच खेळायची. हळूहळू, दळण दळल्यासारखी. आणि जिंकायची.

भूपेशला ते बघवत नसे.

पुढच्या वर्षी, ती नववीत असताना, ठाण्याला जिल्ह्याची स्पर्धा झाली. शेवटचा डाव उरला, तोही पांढऱ्या सोंगट्यांनी. जिंकली तर राज्याच्या स्पर्धेला जाणार. मधल्या वेळात भूपेशनं तिला जिन्याखाली गाठलं.

"आता मॅडमचा खेल पुरं. आपला खेल. प्यादा दे, उंट काढ."

"पप्पा, प्यादा देन. पन मंग घोडा काढतंय. घोडा काढला का त्यांचा वजीर शह द्याला येत न्हाय."

"घोडा घाबरटांचा. तू कोनाची पोर हाईस? उंट काढ."

ती वडापाव अर्धा टाकून गेली.

भूपेश हॉलच्या जाळीशी उभा राहिला. प्यादं पुढं गेलं, दुसरं गेलं, काळ्यानं खाल्लं. मेघालीनं मान वर केली, जाळीकडं पाहिलं आणि उंट काढला. काळ्याचा वजीर तिरपा सरकत पटाच्या काठाला आला. शह. राजाला हलावं लागलं. भूपेशच्या डोक्यात अजून ओट्यावरली उडीच होती. राजा बाजूला एकच घर सरकून थांबला, हत्ती कोपऱ्यात कोंडला, तेव्हा कुठं त्याला उमगलं, इथं उडी न्हाय. तसं हे ओपनिंग, म्हंजे डावाची ही सुरुवात, वाईट न्हाय. त्यानंही जिंकणारे हायेत, पण ते शिकून खेळतात. पोरीला हे कोणी शिकवलंच नव्हतं. बाविसाव्या चालीला मेघालीवर मात.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी रामूनं विचारलं, "भाय, लडकी का क्या हुआ?"

"डर गई," भूपेश म्हणाला. सगळ्यांदेखत. पूर्ण्यातही तेच सांगितलं, पाहुण्यांतही तेच. पोरगी ऐन वेळेला घाबरली. बायको, रूपा, एकदा म्हणाली, "तिच्यासमोर तरी नको बोलूस." तरी बोलला.

मेघालीनं पट माळ्यावर टाकला. माधवी मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या. चहा पिऊन गेल्या, एवढंच.

दोन वर्षं गेली. मेघाली अकरावीला लागली. एका रविवारी रूपा बाजाराला गेली होती. भूपेशनं माळ्यावरनं पट उतरवला, धूळ पुसली आणि लेकीसमोर ठेवला.

"चुकी माजी व्हती," तो म्हणाला.

"मना म्हाईत हाय." ती वहीत लिहीतच होती. "उंटाला हात लावला तवाच म्हाईत व्हता."

"मंग काढलास कशाला?"

"तू जालीशी उभा व्हतास ना."

भूपेशनं पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडं सरकवल्या. म्हणाला, "एक डाव? पांढरी तू घे."

"गोदामात सांगतलंस ना, मी घाबरली म्हून? ते आदी जाऊन मोडून ये."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीला भूपेश उभा राहिला. पण गोदामाचा ठेकेदार बदलून वर्ष झालं होतं. रामू गावी गेला तो परतलाच नव्हता. बाकीची माणसं नवी. जुन्यांतला एकटा हरी, फोर्कलिफ्टवाला.

"हरी, माजी मेघाली त्या टायमाला घाबरली नव्हती. मीच तिला चुकीचा खेलाला लावला."

हरीनं भाकरीचा तुकडा तोंडात धरून कपाळाला आठ्या घातल्या. "कंचा टाईम?"

"ठान्याला. बुद्धिबलाची मॅच."

"तुजी पोर बुद्धिबल खेलाची?" हरी म्हणाला. "म्हाईतच नव्हता रं."

भूपेश खाली बसला. डब्यातली भाजी गार झाली होती, ती तशीच खाल्ली. घरी आल्यावर हरीचं बोलणं त्यानं मनातच ठेवलं. पट मात्र माळ्यावर परत गेला नव्हता, अजून खालीच होता. रूपानं त्यावर निवडायचे तांदूळ पसरले होते.