वहिनींच्या वतीने दिलेलं उत्तर

डॉक्टरांनी वहिनींना विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं. चूक माझी होती, आणि ती मी समजून-उमजून केली होती.

थोरला भाऊ एचआयव्हीने गेला. तपासणीत वहिनींनाही लागण निघाली. नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्या रोज न चुकता घेत, आणि तब्येत चांगली राहिली होती. सुरुवातीच्या खेपा सोडल्या तर गोळ्या आणायला मीच जायचो. रांगेत आपल्या पारनेर भागातलं कुणी भेटलं तर, म्हणून त्यांना नेत नसे. "पेशंटला घेऊन या, रक्त-लघवी तपासायची आहे, बीपी बघायचं आहे," असं तिथल्या मॅडम सांगत. लेकीकडे पुण्याला गेल्यात, असं मी सांगायचो. वहिनी तेव्हा घरी गाईच्या धारा काढत असायच्या.

मग कांदा काढणीत त्यांचे गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो, त्यांनी नको ते बोलू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" वहिनींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "काही नाही."

बाहेर आल्यावर त्या हसल्या. "भावजी, गुडघं माझं दुखत्यात का तुमचं?"

"गावात बोभाटा नको, वहिनी."

डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरत्या दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी आराम पडला. पुढे मीच मेडिकलमधून त्याच गोळ्या आणत राहिलो. गोळी घेऊन त्या पुन्हा वावरात जात. आपण वहिनींचं किती करतो, असं मला वाटायचं.

पाय सुजले, सकाळी चेहरा फुगलेला दिसू लागला, तेव्हा किती वर्षांनी त्यांना नगरला नेलं. बीपी वाढलेलं निघालं. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्याही खाली आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा विषाणू मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतो. रोजच्या औषधातलं एक औषधही कधीकधी त्यांना बाधतं, म्हणून तर रक्त तपासत राहायचं. वाढलेल्या बीपीने भर पडते. त्यात दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या. "आता औषध बदलू, दुखण्याच्या गोळ्या बंद. आहे तेवढं टिकवायचं. डायलिसिस लागणारच नाही, असं मात्र मी म्हणत नाही."

दुखण्याच्या गोळ्या कुणी दिल्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनींनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

परतताना सुप्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मी म्हणालो, "वहिनी, मी तुमच्यासाठीच लपवत होतो. गावात तुम्हाला कुणी टोचून बोललं असतं."

त्यांनी चहा बशीत ओतला. "माझ्यासाठी? बचत गटातल्या बायांना म्या कवाच सांगितलंय. माझ्या हातचा च्या पित्यात त्या, वर साखर कमी हाय म्हनून नावं ठेवत्यात. तुमच्या पोरीचं लगीन जमवायचं हुतं, त्ये म्हना की."

मला वर बघवेना. मुलीसाठी स्थळं बघत होतो ते खरं होतं. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते आजवर मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

चहा संपवून त्यांनी हळूच विचारलं, "आता मला मशिनीवर टाकत्याल का, भावजी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "वहिनी, पोरीचं स्थळ मोडेल म्हणून मी तुमचा आजार लपवला. तुमचं रक्त तपासू दिलं नाही, डॉक्टरांशी खोटं बोललो, आणि त्या गोळ्याही मीच आणून दिल्या. यातलं काहीही तुमच्यासाठी केलं नव्हतं. मला माफ करा."