ज्याचा टॅग, त्यानेच सोडायचा

माझी नोकरी सॉफ्टवेअरची इंग्रजी मॅन्युअल लिहिण्याची. कुठलं बटण दाबायचं, दाबल्यावर काय होतं, नाही झालं तर काय करायचं. नाशिकहून लग्न होऊन चेन्नईला आले, तेव्हापासून हेच करते आहे. माझं लिहिलेलं कोणी वाचत नाही, हेही तेव्हापासूनच. अडलं की लोक मॅन्युअल उघडत नाहीत, शेजारच्या खुर्चीला विचारतात. पूर्वी राग यायचा. आता फक्त टोमणे मारते.

म्हणून गेल्या वर्षी चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीच्या ऑफिसात साहेबांनी सांगितलं, की आपली तिकिटांची सिस्टीम आता एआय एजंट, म्हणजे दोष स्वतःच दुरुस्त करणारे प्रोग्राम, वापरणार, त्यांच्यासाठी मॅन्युअल नव्याने लिहा, तेव्हा मी सुखावलेच. तिकीट म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या दोषाची नोंद. कोणी उघडलं, कोणाकडे आहे, मिटलं की नाही. "एजंट अक्षर न् अक्षर वाचतो," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "महिनाअखेरच्या बुधवारी वरच्यांसमोर चाचणी आहे. मॅन्युअल वाचून त्याला नीट जमलं तर काम तुमच्याकडे राहील. नाहीतर लिहायला माणूस कशाला हवा, असं ते आधीच विचारतायत." आमच्याकडे लिहायला माणूस एकच होता, आणि तो मी होते.

मॅन्युअल लिहून झालं. चाचणीच्या आधीच्या सोमवारी सकाळी तालीम म्हणून मी एजंटला बारा खरीखुरी तिकिटं दिली. कॉफी घेऊन परत येते तो बाराही बंद! मी अक्कांकडे बघून विजयी हसले. अक्का हसल्या नाहीत.

अक्का म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या टेस्टर, सॉफ्टवेअर तपासून दोष शोधणाऱ्या. तंजावरकडचं मराठी घराणं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. त्यांची मराठी जुनी, माझी नाशिकची, आणि मधली फट आम्ही दोघी तमिळने बुजवतो. ती बाराही तिकिटं त्यांनी उघडलेली होती.

"माझे तिकीट कोण बंद केले?"

"एजंटने. दुरुस्ती झाली ना, अक्का."

"झाली म्हणून कोण सांगितले? मी पाहिलें कोठे?"

त्यांनी तिथल्या तिथे एकेक तपासलं. बारापैकी तीन दोष जसेच्या तसे होते. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांचं, आणि त्यातल्या एका तिकिटात एका पेशंटची औषधं दुसऱ्याच्या नावावर दिसत होती. माझ्या तोंडची कॉफी कडू झाली.

अक्का पूर्वी गिंडीच्या एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासायच्या. खराब भागाला तपासणारा लाल टॅग बांधायचा. मशीनवरचा माणूस भाग दुरुस्त करायचा, पण टॅगला हात लावायचा नाही. "जो बांधला, तोच सोडायचें," अक्का म्हणाल्या. तीच रीत त्यांनी आमच्या ऑफिसात रुजवली होती. दुरुस्ती झाली की पोरं त्यांच्या टेबलापाशी जातात, "अक्का, जरा बघता का?" म्हणतात, त्या बघतात आणि बंद करतात. सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलं कोणीच नव्हतं.

आधी मी एजंटवरच डाफरले. सांगकाम्या मेला! मग मॅन्युअल उघडलं. "दुरुस्ती झाली की तिकीट बंद करा." वाक्य माझंच होतं, जुन्या मॅन्युअलमधून जसंच्या तसं उचललेलं. इतकी वर्षं ते कोणी वाचलं नाही, म्हणून काही बिघडलं नव्हतं. पहिला मन लावून वाचणारा भेटला आणि त्याने माझी अब्रू काढली.

दुपारी अक्कांनी माझ्या मॅन्युअलवरच एक तिकीट उघडलं: बंद कोणी करायचं, ते लिहिलेलं नाही. चाचणीला दोन दिवस, आणि सगळ्या ऑफिसला दिसेल असं! मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. संध्याकाळपर्यंत धुसफुसत मी लिहिलं: "तिकीट ज्याने उघडलं, त्यानेच बंद करायचं. तुम्ही दुरुस्ती करा, त्याच्याकडे परत पाठवा आणि थांबा. विचारायला माणूस सापडला नाही, तर तसं लिहा आणि थांबा." दुरुस्ती झाल्याची नोंद करून ते तिकीट अक्कांकडे परत पाठवलं.

बुधवारी वरच्यांनी स्वतः निवडून दहा तिकिटं दिली. नऊ नीट परत गेली. दहावं उघडणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून बंगळूरला गेला होता. आता एजंट काय करतो? पडद्यावर ओळ उमटली: "दुरुस्ती केली आहे. तिकीट उघडणारी व्यक्ती आता इथे नाही. कोणी तपासायचं ते सांगा. तोवर थांबलो आहे."

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी टेबलाखाली अंगठा वर करून दाखवला, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "काम तुमचंच."

जागेवर येऊन पाहिलं तर माझ्या मॅन्युअलवरचं तिकीट अजून उघडंच. अक्का घरी गेल्या होत्या. बंद करायचं बटण माझ्यासमोर होतं, दाबलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. बोट दोनदा तिथवर गेलं. शेवटी बॅग उचलली आणि बस गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये फोन वाजला. तिकीट बंद झालं होतं. अक्कांना देवनागरी वाचता येत नाही, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. खाली त्यांनी लिहिलं होतं: "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलें. मग टॅग सोडलें."

मॅन्युअल एकशे चाळीस पानांचं आहे. मला भर बसमध्ये रडू फुटलं. शेजारच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी ती अर्धी रिकामी केली.