उकळलेला पडदा

"बोकडाची मुतपिशवी लागेल. कोण आणेल?"

सरांनी विचारलं तेव्हा आम्ही बारावी सायन्सची चाळीस पोरं-पोरी जळगावच्या कॉलेजात बायोलॉजीच्या लॅबमध्ये उभी होतो. विचारलं सगळ्यांना. नजर मात्र पुढच्या टेबलांवरून सरकत सरकत मागं आली आणि माझ्यापाशी थांबली.

"तू आण. तुमच्याकडे मिळतच असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. मग चार-पाच जणी हसल्या. मी मान खाली घातली आणि "हो सर" म्हणाले. त्या "हो सर"चा मला आजही राग येतो. सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे? आमचं घर धरणगावला. बाप मी लहान असतानाच गेला. माय जिनिंगमध्ये कामाला. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा. मटण आम्ही खायचो ते कुणाच्या लग्नाच्या मांडवात. घरात बोकड कापलेला मी जन्मात पाहिला नव्हता. पण माझं आडनाव सरांना माहीत होतं. तेवढ्यावरून त्यांनी माझी चूलही ओळखली.

जाता जाता म्हणाले, "आणि चांगली तासभर उकळून आण. फिनेलनं धू. लॅबमध्ये घाण नको."

गावातल्या बाजारात खाटीकचाचांचं दुकान होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. चाचांनीच विचारलं. सांगितलं तर म्हणाले, "ती तर आम्ही फेकून देतो, बेटी. शिकायला लागते? मग घेऊन जा." त्यांनी स्वतः धुऊन, पिशवीत घालून दिली. माणूस इतकं चांगलं वागला, तरी मी ओढणी तोंडावर घेऊन घरी आले. सरांनी माझ्याबद्दल जे ठरवलं होतं, ते मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन खरं करत होते.

घरी पातेलं चुलीवर ठेवलं. माय आली, वाकून बघितलं.

"हाई काय शे?"

"प्रयोगले लागस, माय. सरनी उकळाले सांगेल शे."

तिनं जाळ मागं सारून नीट बघितलं. पिशवी आकसून मुठीएवढी झाली होती. म्हणाली, "शिजी गयं ना ते. शिजेल कातडं आते कोनता कामनं?"

मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतंय त्यातलं, म्हणाले. बारावी सायन्स शिकत होते ना मी!

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं नेली. सर टेबलापासून चार हात लांब, हात पाठीमागं बांधून उभे. "तूच बांध," म्हणाले. प्रयोग साधा आहे. लांब नळीच्या काचेच्या फनेलच्या तोंडावर पडदा घट्ट बांधायचा. आत साखरेचा पाक. फनेल उलटं करून पाण्याच्या बीकरमध्ये सोडायचं. पडद्यातून बाहेरचं पाणी आत शिरतं, साखरेला मात्र पडदा अडवून धरतो, आणि नळीतला पाक वर चढायला लागतो. याला परासरण म्हणतात. मी पडदा ताणून बांधला. कडक झाला होता, ताणताना विरत होता. नळीवर शाईनं खूण केली.

दोन तास झाले. पाक चढला नाही. उलट खुणेच्या खाली गेला.

"मटेरियलच खराब," सर वर्गाला म्हणाले. "कुठून कुठून उचलून आणतात." मग गेल्या वर्षीचं एक जर्नल काढून दिलं. "यातली रीडिंग उतरवून घ्या." आणि माझ्याकडे न बघता, "ते सगळं तू धुऊन ठेव."

सगळे कॅन्टीनला गेले. मी धूत बसले. लॅबमध्ये नाना म्हणून शिपाई होते, ते शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घेऊ नको. बारा वर्षं झाली मला इथं. त्या नळीत पाणी चढलेलं मी एकदाही पाहिलं नाही. सर दरवर्षी तुमच्यातल्याच एखाद्या लेकराला आणायला सांगतात. दरवर्षी उकळून."

"मग गेल्या वर्षीची रीडिंग?"

"ती त्याच्या आधीच्या वर्षाची."

म्हणजे बारा वर्षं चाळीस-चाळीस पोरं न घडलेला प्रयोग सुंदर अक्षरात उतरवत होती. आणि बारा वर्षं कुणीतरी एक जण धुण्याच्या बेसिनपाशी बसत होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी पेशीपटल शिकवलं. फळ्यावर आकृती काढली, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "पेशी हुशार असते. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे तिचं तिला कळतं. आपल्याकडे मात्र ते सरकार ठरवतं." वर्ग खो खो हसला. माझी ॲडमिशन कोट्यातली, हे सगळ्यांना माहीत होतं. दहावीला मला एक्क्याऐंशी टक्के होते, ते कुणाला माहीत नव्हतं. माझ्या कानशिलात आग पेटली. त्या दिवशी मी घरची एसटी सोडून दिली आणि लायब्ररीत जाऊन बसले.

पुस्तक इंग्रजीत. मी मराठी मिडियमची. एकेका ओळीला डिक्शनरी. पण कळलं. पेशीपटल ही भिंत नाहीच. मेदाचे दोन थर, पाणी आवडणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, पाण्याला भिणारी शेपटं आत. ते सगळं तेलासारखं हलतं, वाहतं. त्यात प्रथिनं रुतलेली. ऑक्सिजन सरळ आरपार जातो. पाण्याला जायला वेगळ्या वाटा. साखरेला धरून आत सोडणारं प्रथिन वेगळं. जे बाहेर जास्त आणि आत कमी, ते आपोआप आत येतं. पण जे उलट्या दिशेनं न्यायचं असतं, त्यासाठी पेशी स्वतःची ताकद खर्च करते, पंप चालवते. ही ये-जा बंद पडली की पेशी मरते.

आधी वाटलं, हेच सरांच्या तोंडावर मारावं. मग वाटलं, कशाला? पेशीला ना जात ना पात. रेणू त्याच्या आकारानं आणि विद्युतभारानं आत जातो. माणसाला दारात अडवतो तो माणूस. सरांनी स्वतःच्या पापाला पेशीची साक्ष काढली, म्हणून मीही काढायची गरज नाही.

पुढच्या पानावर उष्णतेबद्दल लिहिलं होतं. पटल तापवलं की प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात, रचना मोडते, मग ते काही अडवत नाही. बोकडाची पिशवी म्हणजे एक पटल नव्हे, पेशींचा आणि तंतूंचा जाड थर. पण उकळल्यावर तिचंही तेच होणार. शिजते, विरते, साखर बाहेर गळून जाते. मायनं नुसतं पातेल्यात बघून सांगितलं होतं. लायब्ररीत बसल्या बसल्या मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. विटाळ जावा म्हणून ह्या माणसानं बारा वर्षं प्रयोगच शिजवून टाकला होता. नाव मात्र आमचं खराब केलं.

मी पुन्हा चाचांकडे गेले. या वेळी तोंड झाकलं नाही. पिशवी गार पाण्यानं धुतली, ओलीच नेली. नानांनी लॅब उघडून दिली. मी पडदा बांधला, पाक भरला, खूण केली. पहिल्या तासाला पाक बोटभर चढला. दुसऱ्या तासाला त्याच्याही वर. पोरी गोळा झाल्या. जी फिसकन हसली होती तिनंही डोकं घातलं. नाना नळीकडे बघत नुसते उभे राहिले.

सर आले. नळी बघितली.

"उकळली होतीस?"

"नाही, सर. म्हणूनच चढलं."

त्यांनी रुमाल नाकाला लावला. दोन पावलं मागं सरकले. "हे सगळं ॲसिडनं धुऊन ठेव. आत्ताच्या आत्ता."

"नाही धुणार. प्रयोग सगळ्यांनी बघितलाय. सगळे धुतील, तर मीपण धुईन."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. पण गेलं ते गेलं. सर निघून गेले. भांडी नानांनी धुतली, मी पुसली, आणि नंतर त्या हसणाऱ्या पोरीनंही एक बीकर उचललं.

जर्नलमध्ये मी दोन्ही प्रयोग लिहिले. पहिल्याखाली लिहिलं, "पडदा उकळल्यामुळे निकामी झाला. उकळण्याची सूचना सरांची होती." बोर्डाच्या प्रॅक्टिकलआधी जर्नलवर सरांची सही लागते. सरांनी पान उघडलं, वाचलं.

"ही ओळ खोड. मग सही."

"ओळ खरी आहे, सर."

"सही पाहिजे का नको?"

"पाहिजे. पण ओळ खोडणार नाही."

त्यांनी जर्नल टेबलावर टाकलं. सही झाली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला परीक्षेला बसू दिलं, पण जर्नलचे गुण शून्य. पुण्याच्या ज्या कॉलेजात जायचं मी दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं, तिथली यादी थोडक्या गुणांनी हुकली. निकाल बघून माय रडली. म्हणाली, "एक ओय खोडी टाकती ते काय व्हतं तुनं?" मीही रडले. खूप रडले. पण खोडायला हवी होती, असं तेव्हाही वाटलं नाही.

धुळ्याला शिकले. आता धुळ्यातच एका कॉलेजात बायोलॉजी शिकवते.

मागच्या आठवड्यात आमच्या बॅचच्या ग्रुपवर निरोप आला. सर निवृत्त होताहेत. शाल, श्रीफळ, हॉल ठरलाय. खाली माझ्या नावानं लिहिलं होतं, "तू त्याच विषयाची प्राध्यापक, तू सरांबद्दल दोन शब्द बोल." एका मैत्रिणीनं फोन करून वर समजावलं, "झालं गेलं गंगेला मिळालं. म्हातारे झालेत ते. गोड बोल आणि ये."

मी म्हटलं, येते.

गोड बोलायला नाही. बारा वर्षांची खोटी रीडिंग, बेसिनपाशी बसवलेली ती सगळी लेकरं, शिजवलेला पडदा, सगळं, मायच्या बोलीत बठ्ठं, त्यांच्या समोर, माईकवरून, नाव घेऊन सांगणार आहे. मायला घेऊन जाणार आहे, पहिल्या रांगेत बसवणार आहे. शाल त्यांना नंतर घाला. आधी मी बोलणार, आणि बठ्ठं बोलणार.