न कापलेला दोरा

त्या दुपारी मी दोन सुया ओवून दिल्या. एक बायकोला, एक खालच्या क्वार्टरमधल्या बाईंना. दोघींना नेढं दिसत नसे, म्हणून ते काम माझं. गोधडी अंथरून दोघी समोरासमोर बसायच्या आणि कडेकडून मधे शिवत यायच्या. आम्ही बदलीने लखनौला आलेलो, खालच्या बाई मूळच्या तिथल्याच. टाके लांब, जीभ त्याहून लांब.

"दीदी, इतने महीन टाँके? चींटियों को ओढ़ाना है क्या?"

"आणि तुमचे म्हणजे रेल्वेचे स्लीपर," बायको मराठीतच सुनवायची. बाईंना बरोबर कळायचं.

त्याच आठवड्यात बायको गेली. तेराव्यानंतर बाई मला न विचारता अर्धी राहिलेली गोधडी उचलून घेऊन गेल्या. महिन्याने पुरी करून आणली. नवे टाकेही बारीक, अगदी हिच्यासारखे. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिचं शिवण कुठं संपलं ते आता मला कसं कळायचं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

गोधडी उलटून बाईंनी एका जागी बोट ठेवलं. तिथं वीतभर दोरा लोंबत होता.

"दीदी का है. काटा नहीं मैंने."

मी विचारलं, सुई कोण ओवून देत होतं?

"खुद ही. कभी आधा घंटा लग जाता था. आपसे कैसे कहती, भाईसाहब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोच्या डब्यातल्या सगळ्या सुया ओवल्या, एका चिंधीत टोचल्या आणि खाली नेऊन दिल्या.